विद्युत वाहनांसाठी मालमत्ता करात सवलत: महापालिकेपुढे प्रस्ताव कसा मांडावा

गृहनिर्माण संस्थांकडून किंवा नागरिक मंडळांकडून महापालिकेकडे जाणाऱ्या निवेदनांचा एक ठरलेला साचा असतो. विद्युत वाहनांमुळे प्रदूषण कमी होते, पर्यावरणाचे रक्षण होते, अशी दोन वाक्ये सुरुवातीला येतात आणि लगेच तिसऱ्या वाक्यात अमुक टक्के सवलत मिळावी अशी मागणी येते. करआकारणी विभाग त्यावर ‘आर्थिक भार किती?’ एवढाच शेरा मारतो आणि कागद तिथे थांबतो. शेरा रास्त असतो. स्वतःचे उत्पन्न सोडून देण्यासाठी कोणत्याही स्थानिक संस्थेला सबळ कारण लागते, आणि ते कारण पर्यावरणाच्या सर्वमान्य महतीपेक्षा बरेच नेमके असावे लागते. सरकारे अशा सवलती मुळात का देतात हे समजून घेतले, तर त्यातले कोणते कारण आपल्या शहराला लागू पडते ते निवडता येते, आणि मग प्रस्तावाचा अर्धा मसुदा आपोआप तयार होतो.

कोणता कर कोणाचा

विद्युत वाहनाच्या किमतीवर लागणारा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. तो वस्तू व सेवा कर परिषद ठरवते आणि त्यात महापालिकेला काहीही म्हणता येत नाही. वाहन नोंदवताना आरटीओत भरावा लागणारा मोटार वाहन कर राज्याचा. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के असा हा एकरकमी कर पडतो, म्हणजे १२ लाखांच्या मोटारीवर १,४४,००० रुपये. त्याच किमतीच्या विद्युत मोटारीला तो माफ आहे. पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकरही राज्याचाच. पूर्वी महापालिकांकडे जकात होती, नंतर स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईची जकातही संपली. आता महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा एकच मोठा कर उरतो. त्याला मुंबईत मालमत्ता कर म्हणतात, पुण्यात मिळकतकर आणि नाशिकला घरपट्टी.

म्हणून ‘महापालिकेने विद्युत वाहनांवरील कर कमी करावा’ हे वाक्य निवेदनात लिहू नये. महापालिका वाहनावर सवलत देऊ शकत नाही; ती वाहन जिथे उभे राहते त्या जागेवर देऊ शकते. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने हे ओळखले होते. घराच्या किंवा संस्थेच्या आवारात चार्जिंगची सोय करणाऱ्या निवासी मालमत्ताधारकांना मालमत्ता करात सवलत देण्यासाठी नागरी स्थानिक संस्थांना प्रोत्साहन द्यावे, असे त्या धोरणात नमूद होते. प्रस्तावात त्याचा उल्लेख करावा. आदेश म्हणून तो वापरता येणार नाही, पण आपण काही तऱ्हेवाईक मागत नाही हे त्यातून दिसते.

मालमत्ता कराचे बिल समोर ठेवून आणखी एक गोष्ट पाहावी. ते बिल एकजिनसी नसते. त्यात सर्वसाधारण कर असतो, पाणीपट्टी, मलनिस्सारण, अग्निशमन यांचे स्वतंत्र भाग असतात, आणि शिवाय शिक्षण कर व रोजगार हमी कर असतात, जे महापालिका राज्य सरकारच्या वतीने गोळा करते आणि तिकडे भरते. या शेवटच्या दोहोंत सवलत देण्याचा अधिकार महापालिकेला नाही. ‘एकूण बिलावर ५ टक्के’ अशी मागणी याच कारणाने परत येते. मागणी सर्वसाधारण करापुरतीच असावी.

कारणे, आणि त्यांतले आपल्या कामाचे

सवलतीमागे सर्वांत मोठे मानले जाणारे कारण म्हणजे हवा. वाहनाच्या नळीतून निघणारा धूर नाकाच्या उंचीवर, गर्दीच्या चौकात आणि शाळेच्या दारात सुटतो. त्यामुळे तो थांबला की त्याचा लाभ त्याच शहराला, त्याच रस्त्यावर मिळतो. स्थानिक संस्थेने स्थानिक पैसा सोडावा यासाठी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याला पैशाचीही जोड आहे: जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला आणि पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांसाठी हवेच्या गुणवत्तेशी जोडलेले अनुदान ठेवले. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक ही शहरे त्यात आली. हवा सुधारली तर निधी, अशी अट असल्यावर आयुक्तांना हवेत रस निर्माण होतो, हे सांगायला नको.

परंतु येथे हात राखून लिहावे. त्या कार्यक्रमात हवेतील ज्या धूलिकणांवर प्रामुख्याने लक्ष असते, त्यांचा मोठा वाटा रस्त्यावरची माती, बांधकामांचा राडारोडा आणि उघड्यावर जळणारा कचरा यांतून येतो. विद्युत मोटारही रस्त्यावरची धूळ उडवतेच, आणि तिचे टायरही झिजतात. धूर व नायट्रोजन ऑक्साइड कमी होतील हे खरे. शहराचा धूलिकणांचा आकडा दोन वर्षांत खाली येईल असे आश्वासन मात्र प्रस्तावात देऊ नये, कारण पर्यावरण विभागातला एखादा अभियंता ते पहिल्याच बैठकीत खोडून काढेल. याच ओघात एक अडचणीचा प्रश्नही येतो. पुण्यातली गाडी ज्या विजेवर चालते तिचा मोठा भाग कोळशापासून तयार होतो, आणि त्यातला बराच कोळसा विदर्भात जळतो. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उशाशी घेऊन बसलेल्या चंद्रपूरच्या महापालिकेने ‘विद्युत वाहनांमुळे हवा शुद्ध होते’ हे वाक्य कोणत्या तोंडाने ठरावात लिहावे? तिच्या प्रस्तावात संस्थेच्या छतावरील सौर पॅनेल आणि चार्जिंग यांची सांगड घातलेली असेल तरच तो पटण्याजोगा होईल.

दुसरे कारण उद्योगाचे. आकुर्डीत बजाजची विद्युत स्कूटर चेतक तयार होते, चाकणला महिंद्राच्या विद्युत मोटारी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये एथर या विद्युत स्कूटर कंपनीने प्रकल्प जाहीर केला. ज्या राज्यात माल तयार होतो त्या राज्याने आपली बाजारपेठही दाखवावी, अशी गुंतवणूकदारांची अपेक्षा असते, आणि मोटार वाहन करमाफीमागे हवेइतकेच हेही कारण आहे. शेजारच्या राज्यांशी चढाओढ हा त्याचाच भाग. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मोटार वाहन कर व नोंदणी शुल्क पूर्ण माफ केले; उलट कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरील विद्युत मोटारींवर १० टक्के आजीव कर बसवला. ही सगळी राज्यांची गणिते आहेत. महापालिकेच्या प्रस्तावात कारखान्यांचा विषय आणला तर तो परका वाटतो; तो गाळावा.

तिसरे कारण फारसे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण अंदाजपत्रक हाताळलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. रोख अनुदान द्यायचे तर तरतूद लागते, देयक लागते, लाभार्थ्याची छाननी लागते, आणि पैसे वेळेवर सुटले नाहीत तर लोक दारात येतात. करसवलतीला यातले काही लागत नाही. खर्च कागदावर दिसतो. न आलेला महसूल दिसत नाही. सवलत लोकप्रिय का होते याचे उत्तर बरेचसे या एका सोयीत आहे. धोकाही तिथेच आहे: जी रक्कम कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही ती बंद करण्याची आठवणही कोणाला होत नाही. म्हणून प्रस्तावकर्त्यानेच तिचा आकडा आधी मांडावा, म्हणजे प्रशासनाचा विश्वास बसतो.

चौथे कारण वापराच्या सवयीशी निगडित आहे, आणि माझ्या मते महापालिकेसाठी तेच खरे कारण. विद्युत वाहन घेण्यापासून माणूस अडतो तो केवळ किमतीमुळे नव्हे. रात्री गाडी कुठे लावायची आणि तिथे प्लग मिळेल का, यावर तो अडतो. बंगल्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पण सदनिकेत राहणाऱ्याची पार्किंगची जागा, तिथवर येणारी वायर, संस्थेचा मंजूर वीजभार आणि शेजाऱ्यांची संमती ही चार कुलुपे एकाच वेळी उघडावी लागतात. राज्य सरकार मोटार वाहन कर माफ करून त्यातले एकही कुलूप उघडू शकत नाही. मालमत्ता कराची सवलत ते उघडू शकते, अर्थात तिची रचना नीट केली तर.

रचना: सवलत कोणाला द्यावी

सहज सुचणारी रचना अशी असते की ज्या सदनिकाधारकाने स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवला त्याच्या बिलात सवलत द्यावी. हिशोब करून पाहावा. समजा एका सदनिकेचा सर्वसाधारण कर वर्षाला ४,००० रुपये आहे. ५ टक्के सवलत म्हणजे २०० रुपये. तळघरापर्यंत केबल ओढणे, स्वतंत्र मीटर, सुरक्षेचे स्विच यांचा खर्च हजारांत जातो. दोनशे रुपयांसाठी कोणी तो करणार नाही, आणि ज्याने आधीच केला आहे त्याला ते दोनशे रुपये फुकट मिळतील. अशी सवलत महापालिकेचे उत्पन्न घटवते आणि एकही नवा चार्जर उभा करत नाही.

आता तीच सवलत संस्थेला द्यावी. समजा शंभर सदनिकांच्या संस्थेने सामाईक चार्जिंगची यंत्रणा उभी केली आणि त्या बदल्यात सर्व शंभर सभासदांच्या सर्वसाधारण करात ५ टक्के सूट मिळाली. वर्षाला २०,००० रुपये होतात. पाच वर्षांत १ लाख. सामाईक केबल, पॅनेल आणि मीटरच्या कामाला ही रक्कम लक्षणीय हातभार लावते. पण पैशापेक्षा मोठा परिणाम संस्थेच्या वार्षिक सभेत होतो. ‘तुमच्या गाडीसाठी आमच्या निधीतून खर्च का?’ हा प्रश्न विचारणारे काका प्रत्येक संस्थेत असतात, आणि प्रश्न चुकीचाही नसतो. सवलत सर्वांच्या बिलात दिसू लागली की गाडी नसलेल्या सभासदालाही ठरावाच्या बाजूने हात वर करण्याचे कारण मिळते. सवलत येथे खर्चाची भरपाई म्हणून कमी आणि संमतीची किंमत म्हणून अधिक काम करते, आणि महापालिकेकडून याहून स्वस्तात ती संमती मिळवता येणार नाही.

मुंबईत मात्र एक पेच आहे. तेथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे लहान सदनिकांच्या इमारतींना या सवलतीचा काडीचाही उपयोग नाही. तिचा लाभ मोठ्या घरांकडे झुकतो. तिथे मालमत्ता कराऐवजी महापालिकेच्या वाहनतळांवर विद्युत दुचाकी व रिक्षांना शुल्कात सूट मागणे अधिक न्याय्य ठरेल.

न्यायाचा हा मुद्दा इतरत्रही टाळता येत नाही. सवलत शेवटी कोणाच्या खिशात जाते हे विचारले जाणारच. मार्च २०२५ च्या राज्य अंदाजपत्रकात ३० लाखांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचे सांगितले. त्यानंतर आलेल्या २०२५ च्या धोरणाने मोटार वाहन करमाफी सरसकट ठेवली, आणि मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारी आणि बसगाड्यांना पथकरातूनही सूट दिली. श्रीमंताच्या गाडीला सूट आणि बसच्या प्रवाशाला काय, असा सवाल यावर निघतो तो अगदीच निराधार नाही. गृहसंस्थेच्या प्रस्तावात दुचाकीसाठी किमान काही चार्जिंग जागा राखण्याची अट घातली, तर या सवालाला आधीच उत्तर दिल्यासारखे होते.

आर्थिक भाराचे टिपण

करआकारणी विभागाला हवा असतो तो आकडा आपणच द्यावा. वरच्याच उदाहरणाने: पहिल्या वर्षी सरासरी शंभर सदनिकांच्या ३०० संस्था सहभागी झाल्या असे धरले, तर ३०० गुणिले १०० गुणिले २०० रुपये, म्हणजे ६० लाख रुपये सोडावे लागतील. यासोबत शहराची सर्वसाधारण कराची मागील वर्षाची प्रत्यक्ष वसुली द्यावी. ती महापालिकेच्या अंदाजपत्रकात छापलेली असते. भार तिच्या तुलनेत किती टक्के येतो हे दिसले की शेऱ्याची भाषा बदलते. आकडा हातचा राखून सांगण्याचा मोह होतो, तो टाळावा. थोडा जास्तच धरावा.

वाहनांच्या संख्येसाठी केंद्राच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर आरटीओनिहाय, इंधननिहाय नोंदणी मिळते. मागील तीन वर्षांची आपल्या आरटीओची आकडेवारी जोडावी, कारण सवलतीनंतर वाढ झाली की नाही हे ठरवायचे तर सवलतीपूर्वीची चढती रेषा माहीत असावी लागते. नोंदणी आधीच झपाट्याने वाढत असेल, तर पुढची वाढ सवलतीमुळे झाली असे कोणालाच म्हणता येणार नाही, आपल्यालाही. म्हणूनच यशाचे मोजमाप वाहनांच्या संख्येवर न ठेवता सवलतीनंतर नव्याने चार्जिंग उभारलेल्या संस्थांच्या संख्येवर ठेवावे. तो आकडा महापालिकेच्या स्वतःच्या नोंदीतून निघतो आणि त्यावर वाद होत नाही.

अटी आणि मुदत

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संचय यांसाठी सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. नव्या प्रस्तावाला हा पूर्वाधार जरूर दाखवावा. त्याचबरोबर अशा योजनांचा नेहमीचा आजारही ओळखून असावे: खड्ड्यातली गांडुळे केव्हाच मेलेली असतात आणि बिलातली सूट मात्र जिवंत असते. चार्जरचेही तेच होऊ शकते. त्यामुळे सवलत दरवर्षी आपोआप पुढे न जाता वीजबिलावर अवलंबून ठेवावी. चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर असेल आणि त्यावर वर्षभरात वापर दिसत असेल, तर पुढच्या वर्षी सवलत, अशी अट असली की निरीक्षकाला तळघरात उतरावे लागत नाही. अग्निशमन विभागाच्या सूचनांचे पालन आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचे प्रमाणपत्र या दोन अटी महापालिका घालणारच. त्या आपणच मसुद्यात घालून ठेवाव्यात.

नव्या इमारतींना यातून वगळावे. २०१९ पासून केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींनी नव्या बांधकामांतील २० टक्के पार्किंगमध्ये चार्जिंगची तयारी अपेक्षिली आहे. जे नियमानेच करायचे आहे त्यासाठी करदात्यांचा पैसा सोडणे म्हणजे विकासकाला बक्षीस देणे होय. सवलत जुन्या इमारतींसाठी, जिथे वायर ओढायला भिंत फोडावी लागते तिथे.

मुदतीच्या बाबतीत नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथे विद्युत मोटारींना खरेदी करातून सूट १९९० पासून मिळाली. त्याआधी, १९८९ मध्ये, आ-हा या गायकवृंदातील दोघे कलावंत आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे विद्युत यंत्रणा बसवलेली फियाट पांडा घेऊन ऑस्लोच्या टोलनाक्यांवरून पैसे न भरताच जात असत. नंतर १९९७ मध्ये पथकरही माफ झाला आणि २००१ मध्ये मूल्यवर्धित कर. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्णतः विद्युत होत्या. परंतु जिथे जवळजवळ प्रत्येक जण सवलतीचा धनी होतो तिथे ती सवलत राहत नाही, तिजोरीचे भोक होते. म्हणून २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर पुन्हा लागू झाला, आणि शहरांतील पथकराची पूर्ण माफी त्याआधीच ओसरली होती. एकदा मिळालेली सूट काढून घेताना होणारी ओरड आपल्याकडे याहून कमी नसेल. म्हणून ठरावातच लिहावे: सवलत एका संस्थेला पाच वर्षे, आणि योजना पहिल्या १,००० संस्थांपर्यंत किंवा अमुक आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, जे आधी घडेल ते. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द मसुद्यात येऊ देऊ नयेत.

कागद कधी आणि कोणाकडे

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील वर्षाच्या करांचे दर सर्वसाधारण सभेने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करायचे असतात. जानेवारीत दिलेले निवेदन त्या वर्षी कोणी उघडून पाहत नाही, कारण तोवर आयुक्तांचा करविषयक प्रस्ताव तयार झालेला असतो. दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबर संपायच्या आत, करआकारणी व करसंकलन विभागप्रमुखांना प्रत द्यावी. त्याच दिवशी मुख्य लेखापालांना आणि पर्यावरण विभागाला पृष्ठांकन करावे, म्हणजे माहितीसाठी त्याच निवेदनाची प्रत पाठवावी. विभागाने मागवण्याआधीच आर्थिक भाराचे टिपण, पाच-सहा संस्थांचे प्रत्यक्ष अंदाजपत्रक आणि त्यांच्या वार्षिक सभांचे ठराव जोडलेले असावेत. स्थायी समितीतील एखाद्या सदस्याने विषय दाखल केला तर तो चर्चेला येतो. मात्र प्रशासनाचा अभिप्राय सोबत नसेल तर ‘अभिप्रायार्थ परत’ होऊन महिनाभर फिरतो. म्हणून अभिप्राय आधी, सदस्य नंतर. नगरपालिका क्षेत्रात हेच काम १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालते, आणि तिथे पहिली भेट मुख्याधिकाऱ्यांची घ्यावी. आवक विभागाचा शिक्का असलेली पोहोच जपून ठेवावी. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर क्रमांक विचारताना ती लागते.